न लिहिलेला कौल

कन्नडमध्ये चाफ्याला संपिगे म्हणतात. मल्लेश्वरममधल्या संपिगे रोडवर आता चाफ्याची झाडं फारशी उरलेली नाहीत, पण नाव टिकलंय. या रस्त्याच्या दक्षिण टोकाला मेट्रोचं स्टेशन आहे आणि स्टेशनच्या नावात रस्त्याच्या आधी मॉलचं नाव येतं: मंत्री स्क्वेअर संपिगे रोड. गाडीतून उतरून तिकीट फाटकाबाहेर आलं की एक वाट थेट मॉलमध्ये जाते. ऊन, पाऊस, रिक्षावाल्यांशी हुज्जत, यांतलं काहीही वाट्याला न येता माणूस थंडगार संगमरवरावर पाऊल ठेवतो. दुसरी वाट खाली रस्त्यावर उतरते.

मी बहुतेक वेळा खालच्या वाटेनं जाते. पंधरा-वीस मिनिटं उत्तरेकडे चालत गेलं की आठवा क्रॉस लागतो. तिथे माझी एक फुलवाली आहे. मी तिला अक्का म्हणते, तीही मला अक्काच म्हणते. आमच्यात मोठी कोण, हे अजून ठरलेलं नाही. ती मल्लिगे आणि कनकांबरा, म्हणजे मोगरा आणि अबोली, ‘मोळा’वर विकते. मोळ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात. माळ कोपराला लावायची, बोटापर्यंत ताणायची, की एक मोळ झाला. ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी ती माळ जरा सैल धरते, तेवढीच चार फुलं जास्त येतात. तिच्या धंद्यात द्यायची सूट ती एवढीच, आणि ती तिच्या स्वतःच्या पदरची असते.

हे पुस्तक सुटीबद्दल आहे. शहरानं मोठ्या बाजाराला दिलेल्या सुटीबद्दल. ‘मॉलला कुठे अनुदान असतं? ते काय खत आहे?’ असं मला प्रस्तावना लिहायला घेतल्यापासून दोघा-तिघांनी विचारलं. प्रश्न खरा आहे. आपल्याकडे अनुदान म्हटलं की युरियाचं पोतं, गॅसचं सिलिंडर, फार तर साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो. ज्यावर ‘अनुदान’ असं लिहिलेलं असतं, अंदाजपत्रकात ज्याची ओळ असते आणि ज्यावरून दरवर्षी वाद होतो, तेच अनुदान अशी आपली समजूत. बेंगळुरूत मोठ्या दुकानदारीला मिळालेली मदत अशा ओळीत सापडत नाही. ती जमिनीच्या रूपात येते, साठ-सत्तर पानांच्या करारात येते, स्टेशनच्या दारात येते, न वसूल केलेल्या करात येते. कधीकधी तर आधी तिथे राहणाऱ्यांना उठवून दिलेल्या मोकळ्या प्लॉटच्या रूपात येते. तिची किंमत शहराच्या वहीत एका जागी लिहिलेली नसते. माझं सगळं म्हणणं या न लिहिण्याबद्दल आहे.

बाजाराला सवलत देणं ही गोष्ट नवी नाही, आणि मराठी वाचकाला तरी ती परकी वाटू नये. पेठ वसवायची तर व्यापाऱ्याला बोलवावं लागतं, आणि तो उगाच येत नाही. म्हणून कौल दिला जाई. शेटे-महाजनांना मान आणि हक्क, नव्यानं घर बांधणाऱ्याला काही वर्षं करमाफी, मग इस्ताव्यानं हळूहळू चढत जाणारी आकारणी. पेशव्यांच्या काळात पुण्याच्या कितीतरी पेठा अशाच भरल्या. बेंगळुरूही पेठांचंच शहर. केंपेगौडांनी 1537 मध्ये वसवलेल्या गावात धंद्यावरून पेटे पडल्या: तांदळाची अक्किपेटे, बांगड्यांची बळेपेटे, कापसाची अरळेपेटे. त्यांची ‘पेटे’ आणि आपली ‘पेठ’ हा एकच शब्द. पुढे 1638 मध्ये हे गाव शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, त्यांच्यानंतर एकोजींकडे गेलं, आणि 1687 मध्ये मोगलांनी ते घेऊन म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना तीन लाखांना दिलं. अख्ख्या शहराच्या सौद्याचा आकडा आज जवळपास साडेतीनशे वर्षांनी शाळकरी मुलालाही सांगता येतो. कौलही लिहिलेला असायचा. कुणाला, किती वर्षं, काय माफ आणि कधीपासून वसुली, हे सगळं कागदावर असे. कौलाची मुदत असे आणि मुदत संपली की सरकारचा माणूस दारात येई.

त्यानंतरच्या काळात शहरानं स्वतःच बाजार बांधले. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट 1869 चं. पुण्याची मंडई 1886 ची. बेंगळुरूत शिवाजीनगरचं रसेल मार्केट 1927 चं, सिटी मार्केट म्हणजे के. आर. मार्केटची इमारतही त्याच दशकातली. या इमारतींवर सरकारी पैसा खर्च झाला, म्हणजे तेही अनुदानच होतं. पण जागा पालिकेची, गाळा पालिकेचा, आणि भाडं भरणारा बटाटेवाला, मटणवाला, फुलवाला. पुण्याची मंडई आज ज्यांचं नाव लावते, ते महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा ठराव आला, तेव्हा एकट्या फुल्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. हजार रुपयांचा तो ठराव नगरपालिकेपुढे आला, म्हणून त्याला विरोध तरी करता आला. हा प्रसंग मला या विषयात वारंवार आठवतो. जो खर्च खर्च म्हणून मांडलाच जात नाही, त्याच्या विरोधात हात कुणी कधी वर करायचा?

बेंगळुरूत वळण कुठे आलं, हे बोट ठेवून दाखवता येतं. महात्मा गांधी रोडवरची पब्लिक युटिलिटी बिल्डिंग 1973 मध्ये पालिकेनं स्वतः बांधली. पंचवीस मजली, 106 मीटर उंच. बेंगळुरूचा माणूस गावाकडून पाहुणे आले की त्यांना ती दाखवायला न्यायचा. वरच्या मजल्यांत कार्यालयं, खाली दुकानं, मालक पालिका. बत्तीस वर्षांनी, 2005 मध्ये, तिथून फार लांब नसलेल्या मॅग्रथ रोडवर गरुडा मॉल सुरू झाला. जमीन पालिकेचीच, पण आता बांधणारा, चालवणारा आणि गाळे भाड्यानं देणारा खासगी भागीदार. पार्किंगची सोय होईल, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. पार्किंग झालंही. पण शहराच्या मध्यातल्या जमिनीचा तुकडा कित्येक दशकं दुसऱ्याच्या हाती देताना बदल्यात नेमकं किती मिळायला हवं होतं आणि किती मिळालं, हा हिशेब नागरिकाला सहज बघता येईल अशा जागी कधी टांगला गेला नाही. एक वर्ष आधी, 2004 मध्ये, होसूर रोडवर फोरम मॉल उघडला होता. तो खासगी उद्योग, पण दर शनिवारी-रविवारी त्याच्या दारात तुंबणारी वाहतूक सोडवायला उभा असलेला पोलीस सरकारी पगारावर होता. हाही हिशेबाचाच भाग आहे.

भागीदारी हा शब्द ऐकायला फार बरा वाटतो. नफा वाटून घ्यायचा, तोटा वाटून घ्यायचा. बेंगळुरूच्या बससेवेनं, म्हणजे बीएमटीसीनं, त्यापुढचं पाऊल टाकलं आणि ती स्वतःच बाजार बांधायला निघाली. डिसेंबर 2005 मध्ये केंद्राचं नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू झालं. चाळीस लाखांवर वस्ती असलेल्या शहरांसाठी त्यात 35 टक्के केंद्र, 15 टक्के राज्य आणि उरलेले 50 टक्के स्थानिक संस्थेनं उभे करायचे अशी रचना होती. त्या पैशातून शहरात दहा ठिकाणी बसस्थानक, वाहनतळ आणि वर व्यापारी मजले अशा टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या: शांतिनगर, जयनगर, कोरमंगला, बनशंकरी, विजयनगर, यशवंतपूर आणि आणखी काही. कल्पना वाईट नव्हती. दुकानांच्या भाड्यातून बसचं तिकीट स्वस्त ठेवता येईल, असा विचार होता. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणचे व्यापारी मजले वर्षानुवर्षं पुरते भरले नाहीत. काही जागा शेवटी सरकारी कार्यालयांनीच घेतल्या.

अशाच एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मी एका दुपारी गेले होते. सरकता जिना बंद होता, त्यावरून साध्या जिन्यासारखं चढत गेले. रांगेनं शटर. प्रत्येकावर गाळा क्रमांक रंगवलेला, कुलपावर धुळीचा थर. एका शटरला कुणीतरी पाठ टेकून डबा खात बसलं होतं, कंडक्टर असावा, खाकी गणवेश होता. मला बघून तो सरकला आणि जागा करून दिली. खालून बस सुटल्याची घरघर येत होती. त्या आवाजानं शटर किंचित थरथरायची. एवढी मोठी जागा, एवढं सिमेंट, एवढं कर्ज, आणि तिचा उपयोग त्या क्षणी एका माणसाला सावलीत जेवायला मिळावं इतकाच होता. खालच्या फलाटावर मात्र बसायला बाकं कमी आणि माणसं उभी.

एजिपुराची गोष्ट मला नेहमीच्या सुरात सांगता येत नाही. कोरमंगलाला लागून असलेल्या या भागात गरिबांसाठी बांधलेली सरकारी वसाहत होती. जवळपास पंधरा एकर जागा, दीड हजारांवर घरं. बांधकाम इतकं निकृष्ट की इमारती कोसळू लागल्या. मग उरलेल्याही पाडल्या गेल्या आणि माणसं त्याच जागेवर पत्र्याच्या झोपड्या टाकून राहिली. या जागेसाठी पालिकेनं खासगी विकासकाशी करार केला. साधारण अर्ध्या जमिनीवर त्यानं गरिबांसाठी घरं बांधून द्यायची आणि उरलेली त्याला व्यापारी संकुलासाठी मिळायची. उच्च न्यायालयातही हा करार टिकला. जानेवारी 2013 मध्ये बुलडोझर आले. बेंगळुरूची जानेवारी थंड असते. बायका-मुलं पदपथावर, भांडी रस्त्यात, शाळेची दप्तरं ढिगाऱ्याखाली. चार दिवसांत जागा मोकळी झाली. त्यानंतर कित्येक वर्षं ती पत्र्यांच्या कुंपणामागे रिकामीच पडून होती.

इथे अनुदान किती होतं? कागदावर शून्य. पालिकेनं विकासकाला एक पैसाही दिला नाही. उलट, पालिकेच्या बाजूनं बघितलं तर फुकटात घरं बांधून मिळणार होती. पण बेंगळुरूच्या सगळ्यात महाग भागांपैकी एकाला लागून असलेली सात-आठ एकर जमीन बाजारभावानं कितीला गेली असती? आणि ज्यांना उठवलं त्यांनी गमावलेल्या घरकामाच्या नोकऱ्या, शाळा बदललेली मुलं, शहराच्या कडेपर्यंतचं रोजचं बसभाडं, हे कुणाच्या नावे मांडायचं? मला वाटतं, एजिपुरात मॉलसाठी सर्वांत मोठी वर्गणी त्या झोपड्यांतल्या लोकांनी भरली. पावती त्यांना मिळाली नाही.

आणखी एक प्रकार बेंगळुरू विकास प्राधिकरणाच्या जुन्या व्यापारी संकुलांचा. इंदिरानगर, कोरमंगला अशा वसाहती आखताना प्राधिकरणानं मध्ये एकेक बाजारसंकुल ठेवलं. किराणा, शिंपी, झेरॉक्स, पोस्ट, पुढे बाकं आणि मोठी झाडं. आता अशी सात संकुलं पाडून खासगी भागीदारीतून तिथे मॉल उभारायची योजना आली. इंदिरानगरचे रहिवासी झाडांसाठी आणि वाहतुकीच्या भीतीनं रस्त्यावर उतरले. त्यांचं म्हणणं पटतंच, पण मला त्याहून जुनी एक गोष्ट बोचते. या जमिनी मुळात आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांकडून ‘सार्वजनिक हितासाठी’ म्हणून सरकारी भावानं घेतलेल्या. सार्वजनिक हित म्हणून कमी पैशात घेतलेली जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं मॉलकडे जाते, तेव्हा पहिल्या खरेदीतली ती सूटही मॉलला मिळते. ती दिली नाचणी पिकवणाऱ्या एका माणसानं, आणि त्याला ती कुणाला दिली हे ठाऊकही नसतं.

मुंबईच्या वाचकाला यात गिरणगाव दिसेल. तिथे जमीन कुणी दिली-घेतली नाही, फक्त एक नियम बदलला. गिरणीच्या जमिनीची तीन वाट्यांत विभागणी करायची, एक वाटा मोकळ्या जागेसाठी आणि एक परवडणाऱ्या घरांसाठी, असा 1991 च्या विकास नियमावलीचा अर्थ होता. 2001 च्या दुरुस्तीनं ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. एका वाक्याच्या बदलानं शहराच्या वाट्याची एकरोएकर जमीन मालकांच्या वाट्याला गेली आणि लोअर परळला आज जिथे चकचकीत काचा आहेत तिथे त्या उभ्या राहिल्या. मल्लेश्वरमचा मंत्री मॉलही एका गिरणीच्या, राजा मिलच्या, जागेवर आहे. गिरणी ते मॉल हा प्रवास दोन्ही शहरांनी केला.

कराचं काय? जुलै 2024 मध्ये मागडी रोडवरच्या एका मॉलमध्ये हावेरी जिल्ह्यातले एक वयस्कर शेतकरी मुलाबरोबर सिनेमाला गेले. पंचे, म्हणजे आपलं धोतर, नेसलं म्हणून त्यांना दारात अडवलं. चित्रफीत पसरली, लोक भडकले, विधानसभेत विषय निघाला आणि सरकारनं मॉल सात दिवस बंद ठेवायला सांगितलं. त्या गदारोळात आणखी एक गोष्ट बाहेर आली: मॉलकडे पावणेदोन कोटींच्या आसपास मालमत्ता कर थकला होता. मंत्री मॉललाही थकीत करासाठी पालिकेनं 2021 मध्ये आणि पुढेही टाळं ठोकलं होतं. त्या आजोबांचा अपमान झाला याचं दुःख सगळ्या राज्याला झालं, व्हायलाच हवं होतं. पण धोतराचा प्रश्न निघाला नसता तर थकबाकीची बातमी त्या आठवड्यात छापून आली असती का?

अमेरिकेत या गोष्टी निदान मोजल्या जातात. तिथल्या ‘गुड जॉब्ज फर्स्ट’ या संस्थेनं 2004 मध्ये एकट्या वॉलमार्टला राज्यांकडून आणि गावांकडून मिळालेल्या सवलती शोधून काढल्या. बेरीज एक अब्ज डॉलरच्या वर गेली. अर्थशास्त्रज्ञांचा आक्षेप साधा आहे. कारखाना आला तर बाहेरचा पैसा गावात येतो. दुकान आलं तर गावातलाच पैसा एका गल्ल्यातून दुसऱ्या गल्ल्यात जातो. माझ्याकडे महिन्याला खर्चायला जे आहे ते मॉल आला म्हणून वाढत नाही. मी मॉलमध्ये चप्पल घेतली की आठव्या क्रॉसवरच्या चप्पलवाल्याकडे घेत नाही. मग मॉलमध्ये निर्माण झालेल्या नोकऱ्या मोजताना आठव्या क्रॉसवर गेलेल्या नोकऱ्या वजा करायला नकोत?

दुसरी बाजू आहे आणि ती मी मनापासून मानते. माझ्या मावसबहिणीची मुलगी मॉलमध्ये काम करते, तिला भविष्यनिर्वाह निधी मिळतो, जो तिच्या आईला कपड्याच्या दुकानात वीस वर्षांत मिळाला नाही. मॉलमध्ये स्वच्छ स्वच्छतागृह असतं. शहरात बाईला फिरताना याचं मोल काय ते पुरुष लेखकांनी फारसं लिहिलेलं नाही. व्हीलचेअर जाईल असा पदपथ संपिगे रोडवर नाही, मॉलमध्ये आहे. आणि पैसा नेहमी एकाच दिशेनं वाहतो असंही नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीजवळचं कोनप्पन अग्रहार मेट्रो स्टेशन बांधायला इन्फोसिस फाउंडेशननं कोट्यवधी रुपये द्यायचं कबूल केलं, त्याचा करार झाला, आकडा जाहीर झाला. स्टेशनला त्यांचं नाव लागलं. नावाची किंमत किती हे सगळ्यांना माहीत आहे. मॉलला सवलत देऊच नये असं हे पुस्तक म्हणत नाही. दिली तर अशीच आकड्यात दिसावी, एवढंच मागतं.

अक्काला मिळालेली मदत तर आकड्यात दिसते. आठव्या क्रॉसवरच्या पुष्कळ विक्रेत्यांसारखी तीही पहाटे भांडवलासाठी सावकाराकडे हात पसरायची. हजारातले शंभर आधीच कापून नऊशे हातात, आणि संध्याकाळी हजार परत. इथे त्याला मीटर बड्डी म्हणतात, कारण व्याज रिक्षाच्या मीटरसारखं पळतं. 2018 मध्ये कर्नाटक सरकारनं ‘बडवर बंधू’ योजना आणली: फेरीवाल्यांना दोन ते दहा हजारांपर्यंत बिनव्याजी कर्ज. 2020 मध्ये केंद्राची स्वनिधी योजना आली, तिथेही तेव्हा पहिली रक्कम दहा हजारच होती. त्यासाठी ओळखपत्र, अर्ज, फोटो, बँक खातं, आणि वेळेवर फेड. दहा हजारांची नोंद चार ठिकाणी होते. फेरीवाल्यांसाठी 2014 चा केंद्रीय कायदाही आहे, सर्वेक्षण आणि विक्रीची जागा ठरवल्याशिवाय हटवू नये असं तो सांगतो. तरी नोव्हेंबर 2023 मध्ये जयनगरच्या चौथ्या ब्लॉकमधून फेरीवाल्यांना उठवलं गेलंच. 2012 मध्ये रसेल मार्केटला आग लागली, तेव्हा जळालेले गाळे दुकानदारांनी बव्हंशी आपल्याच पैशानं उभे केले.

सप्टेंबर 2025 पासून बेंगळुरूची महापालिका राहिलेली नाही. तिच्या जागी पाच महापालिका आणि वर ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण आहे. जुने भाडेपट्टे, जुने करार, थकबाक्या आता पाच कपाटांत वाटल्या जातील. कुठल्या जमिनीवर कुणाचा किती वर्षांचा पट्टा आहे, दरवर्षी किती येतं, बाजारभावानं किती यायला हवं, याची एक यादी करून ती पाचही कार्यालयांच्या दारात लावायची असेल, तर हीच वेळ आहे. वह्या नव्या आहेत, पहिली पानं कोरी आहेत.

पुढच्या प्रकरणांत लेखकांनी ही यादी आपापल्या परीनं करायला घेतली आहे. कुणी करार वाचलेत, कुणी बंद शटर मोजलीत, कुणी एजिपुरातून उठवलेल्या कुटुंबांना शहराच्या कडेला जाऊन भेटून आलंय. सगळ्यांशी माझं मत जुळत नाही. पार्किंगविषयीच्या प्रकरणात खासगी भागीदाराला जरा जास्तच झोडपलंय असं मला वाटतं, आणि ते मी लेखकाला सांगितलंही. वाचायला सुरुवात मात्र पहिल्या प्रकरणापासूनच करा. ते पहाटे चार वाजता के. आर. मार्केटमध्ये सुरू होतं. फुलांची पोती ट्रकमधून खाली पडत असतात, भाव मोठ्यानं ओरडून सांगितला जात असतो, आणि आठव्या क्रॉसला जायच्या पहिल्या बसची वाट बघत बायका आपापली टोपली भरत असतात.